प्रतीक्षेतला संसार

उलव्याच्या रहिवाशांना प्रतीक्षा नवी नाही. नेरूळ-बेलापूरहून निघालेली लोकल नोव्हेंबर २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत आली आणि तिथून उरणला पोहोचायला तिला जानेवारी २०२४ उजाडावा लागला. त्याच महिन्यात अटल सेतू खुला झाला. ज्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली आणि नदीचा प्रवाह वळवला गेला, त्याचे भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ चे, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ चे आणि पहिले प्रवासी उड्डाण २५ डिसेंबर २०२५ चे. या सर्व प्रतीक्षा लांबल्या, परंतु त्या साऱ्या वस्तीच्या होत्या. शेजारी-शेजारी मिळून त्या सोसल्या गेल्या आणि त्यांच्यावर मोकळेपणाने बोललेही गेले.

विवाहानंतर पती किंवा पत्नी परदेशी आणि दुसऱ्याचा अर्ज प्रलंबित, ही प्रतीक्षा मात्र एकेका सदनिकेच्या चार भिंतींत सोसली जाते. लग्नात ‘सहा-आठ महिन्यांत जाईल’ असे सांगितलेले असते. पहिल्या दिवाळसणाला जावई मोबाइलच्या पडद्यावरून ओवाळून घेतो, दुसऱ्या दिवाळीपर्यंत नातेवाईक ‘अजून इथेच का?’ असे विचारू लागतात. आता विमानतळ उंबरठ्याशी आल्यामुळे विमाने रोज डोक्यावरून जातात, पण आपल्या वाट्याचे तिकीट कधी निघणार हे कोणालाच सांगता येत नाही. अशा घरांना धीर हवाच. परंतु धीराइतकीच गरज माहितीची, हिशेबाची आणि घरातील काही स्पष्ट निर्णयांची असते.

रांग कोणती, हे आधी कळावे

‘अमेरिकेचा व्हिसा’ या एका नावाखाली प्रत्यक्षात वेगवेगळ्या रांगा असतात. १९४६ च्या कायद्याने वर्षाला अवघ्या १०० भारतीयांना तिथे स्थायिक होण्याची मुभा दिली होती. १९६५ च्या कायद्याने वंश आणि जन्मदेश यांवर आधारलेली जुनी वाटणी मोडली आणि कुटुंबाच्या एकत्रीकरणाला प्राधान्य दिले. आजची व्यवस्था त्याच पायावर उभी आहे. तरीही जोडीदाराची वाट किती लांब, हे परदेशस्थ व्यक्तीच्या दर्जावर अवलंबून राहते.

ती व्यक्ती एच-१बी वर नोकरी करणारी असेल, तर जोडीदाराला एच-४ हा अवलंबिताचा व्हिसा मिळू शकतो. यात वार्षिक जागांची मर्यादा नाही. मात्र नोकरीचा हक्क आपोआप येत नाही. मुख्य व्यक्तीचा स्थायी निवासासाठीचा मालकाकरवी केलेला अर्ज मंजूर झाला असल्यास एच-४ धारकाला कामाचा परवाना मागता येतो; ही सोय मे २०१५ पासून आहे. इथे प्रतीक्षा संपत नाही, ती परदेशातल्या घरात जाऊन बसते. बारा वर्षे नोकरी केलेल्या मुलीला ‘तिकडे गेल्यावर बघू’ असे सांगण्यापूर्वी हे सांगितले गेले पाहिजे.

ती व्यक्ती ग्रीन कार्डधारक असेल, तर जोडीदाराचा समावेश एफ-२ए वर्गात होतो आणि खरी रांग इथे लागते. स्थायी निवासींची पत्नी किंवा पती, मुले आणि अविवाहित प्रौढ अपत्ये यांच्यासाठी वर्षाला मूळ १,१४,२०० जागा आहेत. त्यांपैकी ७७ टक्के जोडीदार आणि २१ वर्षांखालील मुले यांच्या वाट्याला येतात. आय-१३० हा अर्ज ज्या दिवशी दाखल होतो, ती त्या कुटुंबाची अग्रक्रम तारीख. अमेरिकेचे परराष्ट्र खाते दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढते आणि कोणत्या तारखेपर्यंतचे अर्ज घेतले जातील ते त्यात छापते. ही तारीख नेहमी पुढेच सरकते असे नाही. जुलै २०१९ ते मार्च २०२३ या काळात या वर्गाला रांगच नव्हती. एप्रिल २०२३ च्या बुलेटिनमध्ये एकदम सप्टेंबर २०२० ची तारीख लागली. आदल्या महिन्यात दार उघडे दिसले म्हणून ज्यांनी मनाने सामान बांधले होते, त्यांना ते पुन्हा सोडावे लागले. यात अर्जदाराचा दोष नव्हता. मागणी जागांपेक्षा वाढली की तारीख मागे नेली जाते, एवढाच त्याचा अर्थ.

ती व्यक्ती अमेरिकेची नागरिक असेल, तर जोडीदार ‘निकटचा नातेवाईक’ ठरतो आणि त्याला वार्षिक मर्यादा लागू होत नाही. तिथे वेळ लागतो तो छाननीला: प्रथम तेथील नागरिकत्व व स्थलांतर सेवा, मग नॅशनल व्हिसा सेंटर, मग वैद्यकीय तपासणी आणि मुंबईतल्या वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात मुलाखत.

एफ-२ए मधील अर्ज प्रलंबित असताना पती किंवा पत्नी नागरिक झाली, तर तोच अर्ज या बिनमर्यादेच्या वर्गात जातो. ग्रीन कार्डावर साधारण पाच वर्षे झाली की नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. म्हणून दोन्ही वाटा समोरासमोर मांडून पाहाव्यात. एक सावधगिरी मात्र हवी. एफ-२ए मध्ये मूल आईच्या अर्जासोबत येऊ शकते, नागरिकाच्या जोडीदाराच्या अर्जात तसे येत नाही. मुलासाठी वेगळा अर्ज लागतो. हे उशिरा कळल्यास आईची मुलाखत ठरते आणि मुलाचा कागदच नसतो.

मुहूर्त आणि मंजुरी

नोकरीच्या मार्गाने ग्रीन कार्ड मिळणाऱ्या मुलाचे किंवा मुलीचे लग्न ठरत असेल, तर एक प्रश्न बैठकीतच विचारला जावा: कार्ड आधी की लग्न आधी? कार्ड मंजूर होण्यापूर्वी विवाह झाला असल्यास जोडीदाराला मुख्य अर्जदाराचीच अग्रक्रम तारीख मिळते आणि मागाहून येण्याची वाट खुली राहते. कार्ड हाती आल्यावर विवाह झाला, तर एफ-२ए ची नवी रांग पहिल्यापासून धरावी लागते. काही आठवड्यांच्या फरकाने काही वर्षांचा फरक पडू शकतो. देण्याघेण्याची, मानपानाची बोलणी तासन् तास चालतात. हा प्रश्न पाच मिनिटांचा आहे, आणि तो विचारण्यात कोणाचाही अवमान नाही.

इतर देशांचे नियम निराळे आहेत. ब्रिटनमध्ये ११ एप्रिल २०२४ पासून जोडीदाराला बोलावणाऱ्याचे किमान वार्षिक उत्पन्न २९,००० पौंड असावे लागते. पूर्वी ही अट १८,६०० पौंडांची होती. कॅनडात नागरिक आणि स्थायी निवासी दोघेही जोडीदाराला प्रायोजित करू शकतात. ऑस्ट्रेलियात अर्ज एकच, पण मंजुरी दोन टप्प्यांत: आधी तात्पुरता व्हिसा आणि मग स्थायी. तेव्हा एका देशात गेलेल्या नातेवाइकाचा अनुभव दुसऱ्या देशाच्या अर्जाला लावू नये.

कागद: प्रतीक्षेतले सर्वांत उपयोगी काम

रांग हलवणे कोणाच्या हाती नसते. कागद निर्दोष ठेवणे घराच्या हाती असते. विवाहाची नोंदणी ही पहिली पायरी. जैन पद्धतीने झालेला विवाहही १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कक्षेत येतो आणि महाराष्ट्रात नोंदणीसाठी १९९८ चा स्वतंत्र कायदा आहे. केवळ निमंत्रणपत्रिका आणि छायाचित्रे यांवर भागत नाही.

मराठी घरांची नेहमीची अडचण नावाची. जन्मदाखल्यावर वडिलांचे नाव मधले, विवाहानंतर पतीचे. आधारवर एक आडनाव, पॅनवर दुसरे, पारपत्रावर तिसरेच स्पेलिंग. अर्ज करण्यापूर्वी एकच रूप ठरवून सर्व कागद त्यानुसार करून घ्यावेत. जन्माची नोंद नसेल वा दाखल्यावर नाव नसेल, तर स्थानिक नोंदणी कार्यालयाचे अनुपलब्धता प्रमाणपत्र आणि प्रतिज्ञापत्रे वेळेवर मिळवावीत. पोलीस पडताळणीचा दाखला पारपत्र कार्यालयाकडून मिळतो. त्याला आणि वैद्यकीय तपासणीला मुदत असल्याने ती कामे फार आधी उरकू नयेत. विवाह खरा असल्याचे दाखवणारे साधे पुरावे, म्हणजे भेटींची तिकिटे, संयुक्त खाते, एकमेकांची वारस म्हणून नोंद, क्रमवार ठेवावेत.

‘आत ओळख आहे, लवकर करून देतो’ असे सांगणाऱ्या दलालापासून दूर राहावे. तसेच अर्ज प्रलंबित असताना पर्यटक व्हिसा मागायचा असेल, तर स्थलांतराचा अर्ज केल्याची माहिती लपवू नये. पर्यटक व्हिसा नाकारला जाण्याची शक्यता असतेच. परंतु खोटी माहिती मूळ अर्जालाही कायमची बाधक ठरू शकते.

दोन घरांचा एक हिशेब

या काळात एकाच संसाराला दोन भाडी, दोन स्वयंपाकघरे, वकिलाची फी आणि विमानाची तिकिटे असा खर्च येतो. तो गृहीत धरून वर्षाचे अंदाजपत्रक मांडावे. ग्रीन कार्डधारकाने सलग सहा महिन्यांहून अधिक काळ अमेरिकेबाहेर राहिल्यास नागरिकत्वासाठीच्या सलग वास्तव्याबद्दल प्रश्न उभे राहतात. म्हणून एका लांब मुक्कामापेक्षा दोन लहान भेटी सोयीच्या पडतात.

परदेशी गेलेल्या व्यक्तीने येथील साधी बचत खाती एनआरओ मध्ये बदलून घेणे बंधनकारक आहे. एनआरई खात्यात भारतातील जवळच्या नातेवाइकाला ‘पहिला किंवा हयात’ या पद्धतीने सहधारक करता येते, मात्र पहिल्या धारकाच्या हयातीत सहधारक मुखत्यार म्हणूनच खाते चालवू शकतो. लॉकर दोघांच्या नावे असेल, तर कोणीही एक तो उघडू शकेल अशी नोंद असावी. उलव्यातील सदनिका दोघांच्या नावे असल्यास ताबा, नोंदणी आणि कर्जाच्या कागदांसाठी मुखत्यारपत्र लागते. परदेशात केलेले मुखत्यारपत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करावे लागते. ही मुदत चुकल्याने होणारी धावपळ टाळता येण्याजोगी आहे.

आणि मागे राहिलेल्या व्यक्तीचे स्वतःच्या नावाचे, स्वतःच्या कमाईचे खाते चालू राहावे. ‘आता जायचेच आहे’ म्हणून विवाहानंतर लगेच राजीनामा देणे ही या काळातली सर्वांत महाग घाई. स्थलांतराच्या व्हिसाची मुदत साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत असते. नोकरीतला सूचनाकाळ तीन महिन्यांचा धरला, तरी व्हिसा हाती आल्यावर राजीनामा देऊन निघता येते. मधली दोन-तीन वर्षे पगार, अनुभव आणि बामणडोंगरीहून रोज सकाळी गाठायची लोकल या तिन्ही गोष्टी माणसाला उभे ठेवतात.

पत्र, पडदा आणि घरातली माणसे

महाराष्ट्राला या विरहाचे एक प्रसिद्ध उदाहरण ठाऊक आहे. ७ एप्रिल १८८३ रोजी कल्याणच्या आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला वैद्यकी शिकण्यासाठी एकट्या निघाल्या. टपाल खात्यात नोकरी करणारे गोपाळराव मागे राहिले. त्या काळी व्हिसा नव्हता. अडसर होता पैशाचा आणि समुद्राचा. पत्र पोहोचायला आठवडे लागत. ज्यांनी पत्नीला शिकवण्यासाठी समाजाशी झुंज घेतली, त्या गोपाळरावांच्याही पत्रांत कौतुकासोबत संशय आणि टोचणी येत असे आणि आनंदीबाईंना त्यांचे क्लेश होत. पुढे गोपाळराव अमेरिकेत पोहोचले. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम.डी. पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, त्या पुण्यात निवर्तल्या.

या कथेतून आजच्या जोडप्याने दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, आनंदीबाईंनी विरहाचा काळ शिक्षणाने भरला. तो त्यांच्या आयुष्याचाच भाग होता, आणि आयुष्य फार उरलेले नव्हते. दुसरी, अंतरामुळे प्रेमळ माणसाच्या मनातही शंका वाढते. आज पडद्यावर चेहरा दिसतो, पण न्यू जर्सी आणि नवी मुंबई यांच्यात उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचे अंतर असते. एकाची सकाळ ही दुसऱ्याची दमलेली संध्याकाळ. रोजची एक ठरलेली वेळ आणि आठवड्यातून एकदा निवांत संवाद पुरेसा आहे. ‘दिवसभर कुठे होतीस?’ हा प्रश्न संवादात आला, की तो जबाब होतो.

मागे पत्नी राहिली असेल, तर ती सासरी राहणार की माहेरी, हा निर्णय तिला विचारून व्हावा. सासरी राहिलेली सून ‘चार दिवसांची पाहुणी’ समजली गेली, की तिला ना घरात अधिकार मिळतो ना विसावा. मागे पती राहिला असेल, आणि परिचारिका वा अभियंता पत्नींच्या घरांत असे होते, तर त्याला थट्टेला तोंड द्यावे लागते. गोपाळरावांनी ते दीडशे वर्षांपूर्वी सोसले. आज ते कोणाच्या वाट्याला येऊ नये, याची काळजी आईवडिलांनीच घ्यावी. ‘कधी जाणार?’ या प्रश्नाला सर्वांनी मिळून एकच उत्तर ठरवावे: ‘अर्ज रांगेत आहे, कळले की सांगू.’ त्यापुढे चर्चा नको.

मूल होऊ द्यायचे की थांबायचे, पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा की नाही, पदोन्नती स्वीकारायची की नाही, हे प्रश्न ‘व्हिसा आल्यावर’ या एका खुंटीला टांगले जातात. जोडप्याने वर्षातला एक दिवस ठरवून या प्रश्नांवर बसावे: व्हिसा आणखी दोन वर्षे आला नाही, तर आपण काय करू? परदेशातील व्यक्तीने परत यायचे का, हाही प्रश्न त्या दिवशी विचारण्यास मोकळीक असावी. बुलेटिनची तारीख महिन्यातून एकदाच पाहावी. रोज पाहिल्याने ती हलत नाही, पाहणाराच थकतो.

अर्ज मंजूर झाल्यावरही एक नोंद ठेवावी. अमेरिकेत प्रवेश करताना विवाहाला दोन वर्षे झाली नसतील, तर मिळणारे कार्ड दोन वर्षांचे व सशर्त असते आणि मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ अर्ज करावा लागतो. तोवर विरहाच्या काळात नीट ठेवलेले तिकीट, खाते आणि छायाचित्र पुन्हा कामी येते. ज्या घराने वाट पाहतानाही दोघांचे कमावणे, शिकणे आणि बोलणे चालू ठेवले, त्या घराला एकत्र राहायला लागल्यावर ओळख नव्याने करून घ्यावी लागत नाही.