मूळपेशी सफरचंदाची, त्वचा माणसाची

त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मृत पेशींचा असतो, आणि आत काय येऊ द्यायचे व काय अडवायचे हे तो ठरवतो. त्या थराशी गाठ पडणारा एक घटक आज घेऊ. महागड्या क्रीमवर आणि केसांच्या सीरमवर ‘प्लांट स्टेम सेल’ हे शब्द आता सर्रास दिसतात. वनस्पतीच्या मूळपेशी माणसाच्या थकलेल्या मूळपेशींना जागे करतात, असाच अर्थ वाचणारा त्यातून काढतो. हा अर्थ चुकीचा आहे. मात्र ज्या तंत्राने हा घटक तयार होतो ते तंत्र फार मोलाचे आहे, आणि या चुकीच्या दाव्याखाली त्याचे खरे मोल झाकले जाते, हे मला अधिक खटकते.

तंत्र आपल्याला अगदीच अनोळखी नाही. डाळिंबाची गुटी बांधताना फांदीवरची साल गोलाकार काढतात. काही दिवसांनी कापाच्या कडेला फिकट, भुसभुशीत गाठ धरते आणि मग तिथून मुळे फुटतात. जखम भरून काढणाऱ्या या पेशींच्या गोळ्याला कॅलस म्हणतात. प्रयोगशाळेत पानाचा किंवा फळाचा निर्जंतुक केलेला तुकडा साखर, क्षार आणि वनस्पतींची संप्रेरके घातलेल्या अगरवर ठेवला की तसाच गोळा वाढतो. जळगावकडच्या टिश्यू कल्चर केळीत शेवटी रोप हवे असते. इथे रोप होऊ द्यायचेच नसते. गोळा द्रवात सोडून मोठ्या टाक्यांत पेशी वाढवायच्या आणि भरपूर झाल्या की उच्च दाबाखाली फोडून त्यांचा अर्क काढायचा. म्हणजे बाटलीत जिवंत मूळपेशी नसतेच, असतो तो फुटलेल्या पेशींचा अर्क. जिवंत पेशी असती तरी उपयोग नव्हता. त्वचेच्या बाहेरच्या थरातून साधारण ५०० डाल्टन (रेणूच्या वस्तुमानाचे एकक) याहून मोठे रेणू सहसा पार होत नाहीत, आणि अख्खी पेशी त्याच्या कितीतरी पट मोठी. शिवाय वनस्पतीच्या पेशींना वाढीचा निरोप देणारी ऑक्सिन, सायटोकायनिन ही संप्रेरके आपल्या मूळपेशींना हुकूम देणारी नव्हेत.

या सगळ्याची सुरुवात ज्या घटकापासून मानली जाते तो स्वित्झर्लंडचा. थुरगाऊ प्रांतातले ‘उटविलर श्पेटलाउबर’ हे जुने सफरचंद साठवणीत दीर्घकाळ टिकण्यासाठी प्रसिद्ध होते. मिबेल कंपनीने त्याच्या पेशी वाढवून २००८ साली अर्क बाजारात आणला. कंपनीच्या चाचणीत २० जणांनी २ टक्के अर्काचे क्रीम चार आठवडे लावले आणि डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांची खोली सरासरी १५ टक्क्यांनी कमी झाल्याचे नोंदले गेले. दुसऱ्या प्रयोगात शरीराबाहेर बशीत ठेवलेली केसांची मुळे अर्कामुळे काही दिवस अधिक तगली. निरीक्षणे खोटी आहेत असे मी म्हणत नाही. पण वीस माणसे फार थोडी, चाचणी विकणाऱ्याचीच, आणि बशीतले केसाचे मूळ म्हणजे डोके नव्हे. फळ महिनोन्‌महिने टिकते म्हणून त्याच्या पेशीचा अर्क त्वचा टिकवील, हे तर अनुमानही नाही, नुसते साम्य आहे.

कोणी म्हणेल, लावल्यावर फरक तर दिसतो ना? दिसतो, आणि तो नाकारायचे कारण नाही. पण त्याच क्रीममध्ये बहुधा ग्लिसरीन असते, तेले असतात. ओलावा धरला की कोरडी त्वचा फुगते आणि बारीक सुरकुत्या तात्पुरत्या भरतात. अर्काचे श्रेय ठरवायचे तर तेच क्रीम अर्काविना लावून पाहावे लागते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पेशींच्या अर्कात ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्ये असतात, मग उपयोग का होऊ नये? होऊ शकतो. फक्त तो त्या द्रव्यांचा असतो, ‘मूळपेशी’ या नावाचा नव्हे. इथे एक अडचण सहसा सांगितली जात नाही. कॅलसच्या पेशी पान, साल, मूळ अशी ओळख विसरलेल्या असतात, त्यामुळे मूळ वनस्पतीचे गुणकारी रसायन त्या पुष्कळदा बनवतच नाहीत. म्हणून लेबलवर वनस्पतीचे नाव असणे पुरेसे नाही. कोणते द्रव्य आणि किती, हे कळायला हवे.

ते कळते तेव्हा हे तंत्र काय करू शकते, याचे उत्तम उदाहरण जपानचे आहे. मुरासाकी या वनस्पतीच्या मुळांतून शिकोनिन हा तांबडा-जांभळा रंग मिळतो. आपल्याकडे केशतेल लाल करायला रतनजोत घालतात, तिचा रंग याच कुळातला. काही वर्षे वाढलेल्या मुळातही शिकोनिन जेमतेम १-२ टक्के, आणि वनस्पती जपानमध्ये दुर्मीळ झालेली. संशोधकांना दिसले की संवर्धनात प्रकाश किंवा अमोनियम असले की पेशी रंग बनवणे थांबवतात. म्हणून आधी एका माध्यमात पेशी वाढवायच्या आणि मग दुसऱ्या माध्यमात त्यांच्याकडून रंग करून घ्यायचा, अशी दोन टप्प्यांची रीत बसवली गेली. सुमारे तीन आठवड्यांत पेशींच्या कोरड्या वजनाच्या १४ टक्क्यांच्या आसपास शिकोनिन मिळू लागले. १९८३ मध्ये मित्सुई पेट्रोकेमिकलने व्यापारी उत्पादन सुरू केले आणि कानेबोच्या लिपस्टिकमध्ये तो रंग आला. कुठल्याही मूळपेशीला जागे करण्याचा दावा त्याला करावा लागला नाही. ‘प्रयोगशाळेतले म्हणजे नैसर्गिक नव्हे’ असे म्हणणाऱ्यांनीही हे पाहावे: रेणू तोच, आणि एकही मूळ उपटावे लागत नाही. हिमालयातल्या रतनजोतीवर उपटणीचा ताण आहेच, तिच्यासाठी हा मार्ग मला फार आशेचा वाटतो.

तेव्हा पुढच्या वेळी अशी बाटली हातात आली, तर समोरचे मोठे अक्षर सोडून मागची घटकांची यादी वाचा. आपल्याकडे एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. त्याखालचे कोणत्याही क्रमाने चालतात. सफरचंदाचे नाव त्या यादीत कुठे आहे, ते आधी पाहा.