वाफेचा हत्ती आणि खानदेशच्या नद्या

स्टीमपंकची आवड असलेल्या जळगाव-धुळ्याच्या वाचकांनी ज्यूल व्हर्नची 'द स्टीम हाऊस' (१८८०) जरूर वाचावी. 'स्टीमपंक' हा शब्द १९८७चा, पण सगळा ऐवज इथे आधीच हजर आहे. बँक्स नावाच्या इंजिनिअरचा पोलादी हत्ती चाकांवरची दोन घरं ओढत कलकत्त्याहून हिमालयाकडे निघतो. पोटात बॉयलर, सोंडेतून धूर. पाणी आडवं आलं तर तरंगत पार!

दोषही ठळक आहेत. दोन भागांची ही कथा शिकारीत फार रेंगाळते. सर्वांत खटकतं ते नानासाहेब पेशव्यांचं खलनायकी चित्रण. याच व्हर्नने आधी कॅप्टन निमोला १८५७च्या लढ्यात उतरलेला बुंदेलखंडचा राजपुत्र दाखवलं होतं!

व्हर्न भारतात कधी आलाच नाही. त्याच्याच 'ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा'मध्ये नायक फॉगची आगगाडी नाशिकनंतर खानदेशातून धावते. सपाट, पिकाऊ मुलूख व्हर्नने अचूक टिपलाय. पण इथल्या बहुतेक नद्या गोदावरीला नेऊन जोडल्यात. गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर, साऱ्या तापीच्या!

तरीही हत्तीची प्रकरणं चुकवू नका. शिकारीची पानं खुशाल उलटा.