फुटलेला थर्मामीटर आणि कोडाईकनालची भंगारकाच

ताप मोजण्याआधी पारा खाली आणायला थर्मामीटर झटकला जातो आणि नेमका त्याच वेळी तो पलंगाच्या कठड्यावर किंवा ओट्याच्या कडेवर आपटतो. कधी कुणी तो कढत पाण्याने धुतो, तेव्हाही काच तडकते. मग जमिनीवर मोहरीएवढे चकचकीत थेंब पळू लागतात. मुलांना गंमत वाटते, मोठ्यांचा हात केरसुणीकडे जातो. इथेच थांबायला हवे.

एका थर्मामीटरमध्ये साधारण अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो. केरसुणी फिरली की एका थेंबाचे शंभर बारीक कण होतात, ते फरशीच्या सांध्यांत शिरतात आणि तिथून त्यांची वाफ होत राहते. या वाफेला रंग नाही, वास नाही. ती श्वासावाटे फुप्फुसात आणि तिथून रक्तात जाते. मेंदू आणि मूत्रपिंडांना तिचा त्रास होतो. चुकून पोटात गेलेला द्रवरूप पारा बहुतांशी तसाच बाहेर पडतो. वाफेचे तसे नाही. त्यातून रांगणारे मूल जमिनीच्या अगदी जवळ श्वास घेत असते.

म्हणून आधी मुलांना आणि मांजर-कुत्र्याला खोलीबाहेर काढा, खिडक्या उघडा, पंखा आणि एसी बंद करा. हातातल्या बांगड्या, अंगठ्या, गळ्यातले मंगळसूत्र काढून ठेवा, कारण पारा सोन्याला चिकटला की सोने पांढरे पडते. रबरी हातमोजे घालून जाड पुठ्ठ्याने थेंब हळूहळू एकत्र ढकला आणि ड्रॉपरने उचला. राहिलेले कण चिकटपट्टीने टिपा. टॉर्च जमिनीलगत आडवा धरला की लपलेले थेंब चमकतात. सगळे घट्ट झाकणाच्या बरणीत भरा आणि वर ठळक ‘पारा’ असे लिहा. व्हॅक्यूम क्लीनर अजिबात नको, त्याच्या गरम हवेने वाफ घरभर पसरते. पारा लागलेले कपडे वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, थेंब मोरीत सोडू नका. सीएफएल किंवा ट्यूबलाइट फुटली तर त्यात पारा काही मिलिग्रॅमच असतो. खिडकी उघडून दहा-पंधरा मिनिटे खोलीबाहेर थांबा, मग काच पुठ्ठ्याने आणि ओल्या कागदाने उचला.

आता ही बरणी द्यायची कुणाला? 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, सीएफएल आणि ट्यूबलाइट यांना घरगुती घातक कचरा म्हटले. तो वेगळा ठेवून वेगळा द्यायचा. प्रत्यक्षात तो सुक्या कचऱ्यात जातो आणि कुणाच्या तरी उघड्या हातांना लागतो. पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेच्या सदस्य, त्यांत बहुतेक बायका, दारोदार कचरा गोळा करून तो हाताने निवडतात. आपल्या घरातला अपघात आपल्या दारात संपत नाही, तो त्यांच्या टोपलीत जातो.

आणि त्याची सुरुवातही आपल्या घरात झालेली नसते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरटाउनचा थर्मामीटर कारखाना 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूत कोडाईकनालला हलवण्यात आला. पुढे तो हिंदुस्थान लीव्हरकडे आला. इथले बहुतेक थर्मामीटर परदेशी जात; पारा हाताळायचे इथले कामगार. मार्च 2001 मध्ये गावातल्या मूंजिक्कल भागातल्या भंगाराच्या वखारीत पारा लागलेल्या काचेचा सात टनांहून मोठा ढीग सापडला. स्थानिक लोक, माजी कामगार आणि पर्यावरण संघटना रस्त्यावर उतरल्या आणि कारखाना बंद पडला. त्याच्या मागच्या उतारावर पाम्बार शोला हे जंगल आहे, तिथले पाणी खाली मैदानात उतरते. 2003 मध्ये सुमारे 290 टन पारायुक्त कचरा जहाजाने अमेरिकेला परत पाठवला गेला. कामगारांच्या आजारांचा पाऱ्याशी संबंध कंपनीने सातत्याने नाकारला. तरी 2016 मध्ये 591 माजी कामगारांशी समझोता झाला. दूषित माती किती स्वच्छ करायची, हा वाद त्यानंतरही चालू राहिला. स्वस्त काचेच्या नळीची किंमत कोण मोजतो, हे यापेक्षा स्पष्ट दिसणार नाही.

जपानमधल्या मिनामाता शहराचे नाव दिलेला पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार 2017 मध्ये लागू झाला, भारताने तो 2018 मध्ये मंजूर केला. पाऱ्याच्या थर्मामीटरप्रमाणेच सीएफएल आणि ट्यूबलाइट यांनाही त्या कराराने निरोपाच्या मुदती ठरवून दिल्या आहेत. पण घराघरांतल्या औषधांच्या डब्यांत जुने थर्मामीटर अजून आहेत. शिवाय ‘पाऱ्याचाच अचूक’ हा समज पक्का आहे. चांगला डिजिटल थर्मामीटर घरगुती वापराला पुरेसा अचूक असतो. काचेचाच हवा असेल तर पाराविरहित, गॅलियमच्या मिश्रधातूचा मिळतो. डिजिटलमध्ये मात्र बटणाएवढा सेल असतो. मुलाने तो गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते, तेव्हा तडक रुग्णालय गाठायचे. म्हणून सेलचे झाकण घट्ट बसते ना, हे विकत घेतानाच पाहावे. दिव्यांच्या बाबतीत निवड सोपी झाली आहे: 2015 च्या उजाला योजनेनंतर एलईडी आवाक्यात आले आणि त्यांत पारा नसतो.

या रविवारी औषधांचा डबा उघडून पाहा. पाऱ्याचा थर्मामीटर निघाला तर तो केरात टाकू नका, फुटायची वाट पाहू नका. जाड डब्यात सांभाळून ठेवा, आपल्या महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या घनकचरा विभागाला फोन करून घातक कचरा कुठे घेतात ते विचारा. तिथे नीट उत्तर मिळाले नाही तर आपल्या नगरसेवकाला विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.