विक्का पंथातील दीक्षेच्या तीन श्रेणी : एक तुलनात्मक विवेचन

दीक्षा देण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न आपल्या धम्मवर्गांत वारंवार विचारला जातो. भिक्खूंच्या हस्तेच ती घ्यावी काय? उपासकाने उपासकाला दिलेली दीक्षा कनिष्ठ ठरते काय? हा प्रश्न केवळ आपल्यापुढेच आहे असे नाही. विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये उदयास आलेल्या विक्का या पंथाला त्याच प्रश्नाने ग्रासले. त्या पंथाने शोधलेली उत्तरे तपासून पाहिल्यास आपल्या प्रश्नावरही प्रकाश पडू शकेल.

विक्काचे प्रवर्तक जेराल्ड गार्डनर (१८८४-१९६४) यांचे तारुण्य सिलोन व मलाया येथे गेले. १९३६ मध्ये ते इंग्लंडला परतले. १९३९ मध्ये न्यू फॉरेस्ट परिसरातील एका गुप्त मंडळाने आपणास दीक्षा दिली, असे ते सांगत. चेटूकविषयक १७३५ चा कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये त्यांचा 'विचक्राफ्ट टुडे' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ख्रिस्तपूर्व काळातील एक प्राचीन धर्म आजवर गुप्तपणे टिकून राहिला आहे, असे त्यात प्रतिपादन होते. या मताला मार्गारेट मरे यांच्या १९२१ मधील ग्रंथाचा आधार होता. परंतु इतिहाससंशोधकांनी मरे यांचा सिद्धान्त अमान्य केला आणि विक्का हा आधुनिक काळात घडलेला पंथ आहे, हे रोनाल्ड हटन यांनी १९९९ मध्ये सविस्तर दाखवून दिले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. या पंथाचे अनुयायी स्वतःस 'विच' म्हणवतात. त्या शब्दाचे 'चेटकीण' असे भाषांतर केल्यास अनर्थ होतो. आपल्याकडे डाकीण ठरवून ज्या स्त्रियांचा छळ होतो, त्यांच्यावर तो शिक्का इतरांनी मारलेला असतो. विक्कातील स्त्रीपुरुष मात्र ते नाव स्वेच्छेने धारण करतात. एक देवी व एक शृंगधारी देव यांची उपासना आणि ऋतुचक्राचे आठ उत्सव हे या पंथाचे स्थूल स्वरूप होय. सैतानाला त्यात स्थान नाही.

गार्डनर यांच्या परंपरेत दीक्षेच्या तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत उमेदवाराचे डोळे बांधून व त्यास दोरीने बद्ध करून वर्तुळात आणले जाते, गुप्ततेची शपथ दिली जाते आणि विधीची साधने दाखविली जातात. येथूनच तो 'विच' व पुरोहित होतो. दुसऱ्या श्रेणीत त्यास नवे नाव मिळते आणि देवीच्या पाताळप्रवेशाची कथा विधिरूपाने सादर होते. ही श्रेणी प्राप्त झालेली व्यक्ती इतरांस शिकवू शकते. तिसरी श्रेणी देव व देवी यांच्या मीलनाच्या विधीने दिली जाते. तो बहुधा पेला व सुरा यांच्या साहाय्याने प्रतीकरूपाने होतो. तिसऱ्या श्रेणीची व्यक्ती स्वतंत्र मंडळ स्थापण्यास पात्र ठरते. दोन श्रेणींत किमान एक वर्ष व एक दिवस इतके अंतर असावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. पुरुषाने स्त्रीला व स्त्रीने पुरुषाला दीक्षा द्यावी, असा नियम असून मंडळाचे नेतृत्व प्रमुख पुरोहितेकडे असते.

या पंथात पुरोहित व यजमान असे दोन वर्ग नाहीत, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. दीक्षित झालेला प्रत्येक जण पुरोहितच असतो. तरीही श्रेणींमुळे पुरोहितांतच उच्चनीचता निर्माण झाली. या तीन पायऱ्यांचा साचा फ्रीमेसन संघटनेच्या तीन पदव्यांशी मिळताजुळता आहे, आणि गार्डनर स्वतः १९१० मध्ये कोलंबो येथे त्या संघटनेत दाखल झाले होते.

अधिकाराचा वाद लवकरच उद्भवला. १९५३ मध्ये दीक्षा घेतलेल्या डोरीन व्हॅलिएंट यांनी पंथाच्या विधिसंहितेचा बराच भाग स्वतः लिहिला होता. १९५७ मध्ये प्रसिद्धीच्या प्रश्नावरून मतभेद झाले, तेव्हा गार्डनर यांनी काही 'प्राचीन नियम' पुढे केले. प्रौढ पुरोहितेने तरुण स्त्रीसाठी पद सोडावे, असा एक नियम त्यांत होता. हे नियम प्राचीन नसून सोयीने रचलेले आहेत, हे ओळखून व्हॅलिएंट बाहेर पडल्या. पुढे रेमंड बकलंड यांनी १९७३ मध्ये काढलेल्या शाखेत स्वयंदीक्षेस मान्यता दिली. १९८८ मध्ये स्कॉट कनिंगहॅम यांचा एकाकी उपासकांसाठीचा ग्रंथ आला आणि मंडळाविना उपासना करणारांचा वर्ग वाढला. परंपरेतील दीक्षितांपैकी अनेक जण अशांची दीक्षा आजही मानीत नाहीत. परंतु मूळ शंका उरतेच : प्रथम दीक्षिताला दीक्षा कोणी दिली?

आता विनयाकडे वळू. महावग्गानुसार आरंभी तथागत स्वतः 'एहि भिक्खु' या संबोधनाने उपसंपदा देत. नंतर भिक्खूंना त्रिसरणाद्वारे ती देण्याची अनुज्ञा झाली. पुढे राध नावाच्या ब्राह्मणास कोणी संघात घेईना, तेव्हा त्याने एकदा पळीभर भिक्षा वाढली होती हे सारिपुत्तांनी स्मरले. त्या प्रसंगी तथागतांनी त्रिसरणाने उपसंपदा देण्याची पद्धत थांबवून ञत्तिचतुत्थकम्म घालून दिले : एकदा ज्ञापन, तीनदा घोषणा आणि संघाची संमती. अशा रीतीने दीक्षेचा अधिकार एका गुरूकडून संघाकडे गेला. नियम का झाला, हे विनय प्रसंगासह सांगतो. तो नियम गूढ प्राचीनतेच्या आधारावर उभा नाही.

सामणेर व भिक्खु अशा पायऱ्या आपल्याकडेही आहेत. परंतु भिक्खूंतील ज्येष्ठता उपसंपदेच्या काळावरून ठरते, गुप्त विद्येच्या प्राप्तीवरून नव्हे. 'आचरियमुट्ठि', म्हणजे आचार्याने शिष्यापासून झाकून ठेवलेली मूठ, तथागतांनी नाकारली. सोतापन्न ते अरहंत या खऱ्या श्रेणी तर कोणताही विधी देऊ शकत नाही. नसलेली लोकोत्तर अवस्था जाणूनबुजून प्राप्त झाल्याचे सांगणारा भिक्खु पाराजिक ठरतो. उलट अनाथपिंडिकासारखा गृहस्थही सोतापन्न होतो.

या पार्श्वभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ चे महत्त्व ध्यानी यावे. परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूर येथे भदंत चंद्रमणी महास्थविरांकडून त्रिसरण-पंचशील ग्रहण केले आणि त्यानंतर स्वतः, गृहस्थ असूनही, लाखो अनुयायांना धम्मदीक्षा दिली. संघदीक्षा होती, पण गृहस्थासाठी स्वतंत्र धम्मदीक्षा नव्हती. ही गंभीर उणीव धम्माच्या ऱ्हासाचे एक कारण ठरली, असे त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये नोंदविले आहे. ती उणीव त्यांनी कृतीने भरून काढली. परंपरेचा आदर त्यांनी राखला, पण तिच्या दारावर पहारेकरी बसविला नाही.

तेव्हा उपासकाकडून घेतलेली दीक्षा कनिष्ठ मानण्यास आधार नाही. भिक्खुसंघाचा आदर करावा, उपसंपदा विनयानुसारच व्हावी; पण धम्मात प्रवेश करणाऱ्यास दीक्षा कोणाकडून घेतली हे विचारण्यापेक्षा बावीस प्रतिज्ञा व पंचशील तो कसे पाळतो, हे पाहावे. गुप्त श्रेणींवर उभा राहिलेला पंथ वंशावळीच्या वादात कसा अडकतो, हे विक्काच्या इतिहासात दिसते. आपल्या दीक्षेची कसोटी वंशावळ नसून शील आहे.