विटा आहेत, जागा नाही

स्टुटगार्टमध्ये इमारत पाडायची ठरली, की काम सुरू होईपर्यंत तिथली रिकामी दुकानं कधीकधी कलाकारांना, क्लबांना कमी भाड्यात देतात. याला जर्मनमध्ये 'त्स्विशेननुत्सुंग' म्हणतात, म्हणजे मधल्या काळापुरता वापर. आमचा लेगो क्लब अशाच एका दुकानात भरायचा. आता पत्र आलंय : महिनाअखेर जागा सोडा. तक्रार तरी कशी करणार? करारातच तसं लिहिलेलं.

बाहेरून हा पोरखेळ वाटेल. पण 1958 साली पेटंट घेतलेली लेगोची वीट आजच्या विटेवरही घट्ट बसते, तसंच सत्तरीतले निवृत्त इंजिनिअर आजोबा आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा यांचं तिथे जमलं. आठ उंचवट्यांच्या, एकाच रंगाच्या फक्त सहा विटा 91 कोटींहून जास्त प्रकारे जोडता येतात! आजोबांनी रेल्वे स्टेशन बांधलं, पोरानं शेजारी दिवाळीचा किल्ला. जर्मनही तो शाळेपेक्षा तिथेच जास्त बोलू लागला.

इथली घरं लहान. त्यामुळे टेबलभर पसरलेलं ते शहर आता सुटं होऊन, रंगांप्रमाणे खोक्यांत जातंय. जर्मनीत सात सभासद असले की संस्था नोंदवता येते, आणि आम्ही सातापेक्षा जास्तच आहोत. नोंदणी झाली, की एखाद्या सभागृहासाठी रीतसर अर्ज करू. तोवर खोकी घरोघरी वाटलीत. चार आमच्या पलंगाखाली आहेत. स्टुटगार्टकर मंडळी, कुणाकडे कोरडी, रिकामी खोली असेल तर जरूर सांगा. किल्ला पुन्हा बांधायचाय.