चाचणी कधी आणि कशी? धडा किती लक्षात राहणार ते यावरच ठरतं

परीक्षा तोंडावर आली की धडा पुन्हा पुन्हा वाचून काढायचा, ही कॉलेजच्या पोरांची जुनी सवय. वाचलेलं ओळखीचं वाटतं आणि अभ्यास झाला असं समाधान मिळतं. मात्र ओळखीचं वाटणं वेगळं आणि पुस्तक मिटल्यावर आठवणं वेगळं.

अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी नेमकं हेच तपासलं. २००६ मध्ये त्यांचं संशोधन प्रसिद्ध झालं. विद्यार्थ्यांना सूर्य किंवा समुद्री पाणमांजर यावरचा छोटा उतारा दिला. एका गटाने चारही सत्रांत तो फक्त वाचला, सरासरी १४ वेळा. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात तीन-साडेतीन वेळा वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न बघता आठवेल तेवढं लिहिलं.

पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्यानंतर चित्र उलटलं. वाचणारे ४० टक्क्यांवर घसरले, लिहिणारे ६१ वर टिकले. गंमत म्हणजे, आपल्याला जास्त लक्षात राहील अशी खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती.

चाचणी कधी?

तास संपताच घेतलेल्या चाचणीत सगळ्यांनाच सोपं जातं. त्या मार्कांवरून धडा टिकेल की नाही हे कळत नाही. मध्ये थोडा काळ जाऊ द्यावा. २००८ च्या एका मोठ्या अभ्यासानुसार, आठवडाभर लक्षात ठेवायचं तर पहिल्या अभ्यासानंतर साधारण एका दिवसाने उजळणी फायद्याची ठरते. वर्षभरासाठी सुमारे तीन आठवड्यांनी.

चाचणी कशी?

मोबाईलवर, नोट्स समोर ठेवून सोडवलेल्या क्विझमध्ये उत्तर शोधलं जातं, आठवलं जात नाही. म्हणून वही-पुस्तक मिटूनच लिहावं. मार्क कमी ठेवले तर कॉपीचा मोहही कमी होतो. चुकलेलं उत्तर मात्र लगेच दुरुस्त करून घ्यावं, नाहीतर चूकच पाठ होते.

प्राध्यापकांना यासाठी वेगळा खर्च नाही. तासाच्या सुरुवातीला मागच्या तासावरचे पाच प्रश्न पुरेत. आणि सर विचारत नसतील, तर विद्यार्थ्यांनी कोरा कागद घेऊन स्वतःलाच विचारावं: काल शिकवलेलं आज किती आठवतंय?