काळ्या जमिनीची पारख

नागपूरजवळील कामठीच्या परिसरांत कन्हान, पेंच व कोलार या तीन नद्यांचा संगम होतो. या टापूंत जमिनीचे प्रकार निरनिराळे आढळतात. नदीकांठीं गाळाची माती. पश्चिमेकडील अग्निजन्य खडकापासून झालेली चिकण काळी माती. आणि ज्या वालुकाश्मास भूगर्भशास्त्रानें कामठीचेंच नांव दिलें आहे, त्यापासून झालेली रेताड माती. काळी, मोरंड, खरडी, बरडी हीं जमिनीचीं नांवें या भागांत जुन्या काळापासून रूढ आहेत.

काळी म्हणजे कसदार, अशी सर्वत्र समजूत आहे. परंतु नुसता रंग फसवा असतो. काळ्या मातींतहि सेंद्रिय कर्ब बहुधा शेंकडा एकाहून कमीच भरतो. शिवाय माती ही भरीव वस्तु नव्हे. चांगल्या मातीचें सुमारें निम्में आकारमान पोकळ्यांचें असतें, आणि त्यांत पाणी व हवा वसतात. पाणी साचून हवा कोंडली कीं मुळांचा श्वास कोंडतो.

म्हणून पहिली परीक्षा पोताची. ओली माती बोटांत चोळली असतां रेती खरखरीत लागते, पोयटा पिठासारखा मऊ लागतो, व चिकणमाती चिकटते. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरहून लहान असतो. आंगठ्यानें दाबून तिची लांब पट्टी निघते. रेतीची निघत नाहीं.

दुसरी परीक्षा घडणीची. वाळलेलें ढेंकूळ पाण्यांत अलगद ठेवावें. तें तत्काळ विरघळलें, तर कण बांधून ठेवणारें सेंद्रिय द्रव्य कमी आहे असें समजावें. अशा जमिनीवर पहिल्या पावसांतच पापुद्रा धरतो.

तिसरी परीक्षा कुदळीची. हातभर खड्डा खणून मुळें पाहावींत. सरळ उतरणारीं मुळें मध्येंच आडवीं वळलीं असतील, तर तेथें अवजारांच्या व चाकांच्या भारानें दडपलेला थर आहे.

चौथी परीक्षा निचऱ्याची. जमिनींत पत्र्याचें कडें रोवून त्यांत पाणी ओतावें, व तें किती वेळांत जिरतें हें पाहावें. काळ्या जमिनीस उन्हाळ्यांत भेगा पडतात. त्यांतून पाणी झटकन् उतरतें आणि परीक्षा चुकते. यास्तव जमीन आधीं भिजवून भेगा मिटूं द्याव्या.

या परीक्षांचें मोल संत्र्याच्या बागेंत कळतें. जी खोल काळी जमीन कपाशीस मानवते, तीच निचरा नसल्यास संत्र्याचीं मुळें कुजविते. झाड कांहीं वर्षें वाढतें व ऐन फळाच्या वयांत खंगतें. मग कितीहि खत घातलें तरी गेलेलीं वर्षें परत येत नाहींत.

सन २०१५ पासून सरकारनें शेतकऱ्यांना मृदा आरोग्य पत्रिका देण्यास आरंभ केला. तींत नत्र, स्फुरद, पालाश, आम्लता इत्यादि १२ बाबींची नोंद असते. त्या बहुतेक रसायनाच्या आहेत. घडण, निचरा व दडपलेला थर त्यांत दिसत नाहीं. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षणाचें मुख्य केंद्र नागपुरांतच आहे. परंतु प्रत्येक शेतांतील ढेंकूळ पाण्यांत टाकून पाहण्याचें काम ज्याचें त्यानेंच करावयाचें असतें. त्यास एक कुदळ, एक भांडें व थोडा धीर एवढेंच साहित्य पुरतें.